‘विक्षिप्त’ नव्हे, हिशेबाने ठरलेली शब्दलांबी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीतील संगणकाच्या इतिहासावरचा लेख आवडीने वाचला. शब्दलांबी म्हणजे यंत्र एका दमात किती बिटांची (० किंवा १ या द्विमान अंकांची) संख्या हाताळते ते माप; अशा एका संख्येला ‘शब्द’ म्हणतात. तिच्याविषयी लिहिताना लेखकाने ३६, ४० आणि ६० बिटांच्या यंत्रांना ‘विक्षिप्त प्रयोग’ म्हटले आहे. आठ, सोळा, बत्तीस ही दुपटीची चढण जणू पहिल्यापासून ठरलेलीच होती, असा समज त्यामुळे होतो. वस्तुस्थिती तशी नसल्याने हे पत्र लिहीत आहे.

त्यासाठी फार लांब जायला नको. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेला, १९६० साली कामाला लागलेला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी ‘टिफरॅक’ असे नाव दिलेला संगणक ४० बिटांचा होता आणि त्याच्या स्मृतीत असे २०४८ शब्द मावत. १९६४ साली त्याच संस्थेत आलेले सीडीसी ३६०० हे यंत्र ४८ बिटांचे होते, तर पुढे आलेले डेक-१० हे ३६ बिटांचे. एकाच संस्थेत तीन यंत्रे आणि तीन लांब्या! तुर्भ्याचे (ट्रॉम्बेचे) नाव मिरवणारा, १९६९ सालचा टीडीसी-१२ तर १२ बिटांचाच होता. प्रयोगशाळेतील उपकरणांची मोजमापे टिपून घ्यायला तेवढी लांबी पुरत असे आणि यंत्रही स्वस्तात पडे.

या आकड्यांमागे लहर नव्हती. टिफरॅकच्या ४० बिटांचे मूळ अमेरिकेतील प्रिन्स्टनच्या यंत्रात आहे. ४० द्विमान अंकांत साधारण बारा दशमान अंकांची अचूकता मिळते आणि एका शब्दात प्रत्येकी २० बिटांच्या दोन आज्ञा बसतात, असा गणितज्ञ फॉन नॉयमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९४६ सालचा हिशेब होता. चाळिसाला आठाने भाग जातो, हा निव्वळ योगायोग. ३६ बिटांत चिन्हासकट दहा दशमान अंक मावतात, आणि टेबलावरच्या यांत्रिक गणकयंत्रांमुळे हिशेबनिसांना दहा अंकांची सवय होतीच. शिवाय त्या काळी एका अक्षराला सहा बिट देत. सहा बिटांची चौसष्ट चिन्हे होतात, म्हणजे रोमन मोठी अक्षरे, दहा अंक आणि विरामचिन्हे त्यांत भागतात (छोट्या अक्षरांना मात्र जागा उरत नाही) आणि एका शब्दात बरोबर सहा अक्षरे बसतात. संगणक-रचनाकार सेमूर क्रे यांनी सीडीसी ६६०० या यंत्रासाठी निवडलेल्या ६० बिटांत अशी दहा अक्षरे बसत, शिवाय १५ किंवा ३० बिटांच्या आज्ञाही काही शिल्लक न ठेवता मांडता येत.

डेक-१० वर मी स्वतः काही वर्षे प्रोग्राम चालवले आहेत. तेथे फाइलचे नाव एकाच शब्दात कोंबावे लागे, म्हणून ते सहा अक्षरांपलीकडे जात नसे. रोमन लिपीत ‘सॅलरी’ नेमके बसे, पण ‘पेन्शन’चे शेवटचे ‘एन’ गळून पडे आणि तशा लांड्या नावानेच आम्ही ती फाइल वर्षभर वापरली. फाइलीतल्या मजकुराला मात्र सात बिटांची अक्षरे असत, तेव्हा एका शब्दात पाच अक्षरे बसून एक बिट रिकामा राही. तो वाया जाताना पाहून तेव्हा जीव हळहळे.

आठ बिटांच्या गटाला, म्हणजे बाइटला, खरे बळ मिळाले ते ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० मालिकेमुळे. आठ बिटांत छोटी-मोठी दोन्ही अक्षरे मावतात आणि चार-चार बिटांचे दोन दशमान अंकही, त्यामुळे व्यापारी कामाला ही सोय उत्तम होती. मात्र शब्द ३६ बिटांवरून ३२ वर आल्याने अपूर्णांकी आकडेमोडीतली अचूकता घटली, आणि शास्त्रज्ञांना बऱ्याच ठिकाणी दुप्पट लांबीच्या संख्या वापराव्या लागल्या. ही किंमत लेखात यायला हवी होती. बत्तीस बिट जिंकले हे खरे, पण गणिताच्या दृष्टीने ती पायरी वरची होती, असे मी म्हणणार नाही.

लेखात ही यंत्रे ‘मागे काही न ठेवता’ अस्तंगत झाल्याचे म्हटले आहे, तेही बरोबर नाही. बारा, अठरा, छत्तीस या लांब्यांना तिनाने भाग जातो, म्हणून बिटांचे तीन-तीनचे गट पाडून संख्या ० ते ७ या आठच अंकांत लिहिण्याची अष्टमान रीत पडली. सी या प्रोग्राम लिहिण्याच्या भाषेच्या आधीची बी भाषा प्रथम ज्या पीडीपी-७ वर चालली, ते यंत्र अठरा बिटांचे होते. ही रीत बीमधून सीमध्ये उतरली आणि आजही आकड्याआधी शून्य आले की सी तो आकडा अष्टमान धरते. गेल्याच महिन्यात माझ्या नातवाने हजेरीच्या प्रोग्राममध्ये आपला क्रमांक शाळेच्या सवयीने ०२७ असा लिहिला, तर पडद्यावर २३ (दोन आठ आणि सात) उमटले. त्याच्या मित्राचा ०२८ तर संगणकाने घेतलाच नाही, कारण अष्टमानात आठ हा अंकच नसतो.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, डोंबिवली