ग्रिडला बांधलेले क्लॉक हवे, क्रिस्टलला नव्हे

महोदय,

अंबड-सातपूर भागात वीज-उपकरणांच्या तपासणीसाठी सर्किट बांधणाऱ्यांनी आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी एक चूक टाळावी, म्हणून हे पत्र.

हार्मोनिक्स (५० हर्ट्झच्या पटीतल्या नको असलेल्या लहरी) मोजताना विजेच्या दर आवर्तनाला २५६ नमुने घ्यायचे, तर १२.८ किलोहर्ट्झचे क्लॉक (नमुना कधी घ्यायचा ते ठरवणारे ठोके) लागते. त्यासाठी स्वस्तातली एसआय५३५१ए ही क्लॉक देणारी चिप निवडण्याचा मोह होतो. चिप उत्तम आहे, पण तिचे क्लॉक क्रिस्टलला (स्थिर ठोका देणाऱ्या स्फटिकाला) बांधलेले असते, वीजपुरवठ्याला नाही. ग्रिड ४९.९ हर्ट्झवर उतरली तरी ती १२.८ देतच राहते. २०० मिलिसेकंदांच्या मोजणीत एफएफटीचे (सिग्नल वारंवारतांमध्ये फोडणाऱ्या गणिताचे) कप्पे ५ हर्ट्झचे असतात. २५वा हार्मोनिक १२५० ऐवजी १२४७.५ वर, म्हणजे दोन कप्प्यांच्या बरोबर मधोमध पडतो. विंडो (नमुन्यांना दिलेले वजन) साधी आयताकृती असेल तर तो सुमारे ३६ टक्के कमी दिसतो!

त्याच मालिकेतली ‘सी’ चिप बाहेरचे क्लॉक घेते, पण किमान १० मेगाहर्ट्झचे. सीएस२००० या दुसऱ्या क्लॉक-चिपच्या इनपुटची खालची मर्यादा ५० हर्ट्झ. आपल्या ग्रिडचा ठरलेला पट्टा ४९.९० ते ५०.०५, म्हणजे तीही बाद.

इथे जुनी सीडी४०४६ (बाहेरच्या सिग्नलशी आपले क्लॉक जुळवून ठेवणारी पीएलएल चिप) आणि सोबत सीडी४०४० (ठोके मोजून भागणारा काउंटर) हीच जोडी योग्य. ४०४६ ची पिन ४ काउंटरच्या पिन १० ला द्या, काउंटरची पिन १३ (भागिले २५६) परत ४०४६ च्या पिन ३ ला. ४०४६ ची पिन ५ आणि ४०४० ची पिन ११ ग्राउंडला. फेज तुलना ४०४६ च्या पिन १३ वरून घ्या. तिच्याच पिन २ चा एक्सॉर तुलनाकार हार्मोनिकवरही लॉक होतो. पिन ९ ला आधी शून्य, मग पूर्ण व्होल्टेज देऊन वारंवारता मोजा आणि ती १२.० ते १३.६ किलोहर्ट्झमध्ये बसेल असे पिन ११ व १२ चे रेझिस्टर ठरवा. पिन ६-७ मधला कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीनचा घ्या; साध्या सिरॅमिक डिस्कचे मूल्य तापमानाबरोबर सरकते. पिन १३ आणि पिन ९ मधला लूप फिल्टर ५ हर्ट्झच्या आतच ठेवा, नाहीतर ५० हर्ट्झची लहर थेट क्लॉकमध्ये उतरते.

सर्वाधिक घात होतो तो इनपुटला. पिन १३ चा तुलनाकार सिग्नलच्या चढत्या कडा मोजतो; शून्याजवळच्या गोंगाटाने एक कड जास्त आली की वारंवारता वर पळते. म्हणून छोटा ट्रान्सफॉर्मर, आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) फिल्टर, मग हिस्टेरेसिस (चालू-बंद होण्याच्या पातळ्यांत अंतर) असलेला कंपॅरेटर, याच क्रमाने सिग्नल पिन १४ वर आणा. आरसीने फेज थोडी मागे पडते, नमुन्यांची संख्या बिघडत नाही.

तपासणीसाठी सिग्नल जनरेटर ४९ ते ५१ हर्ट्झ सावकाश फिरवा. पिन १४ आणि ३ च्या चढत्या कडा ऑसिलोस्कोपवर एकत्र राहिल्या नाहीत, तर त्या सर्किटवरचे हार्मोनिक्सचे आकडे अहवालात घालू नयेत.

— एक इलेक्ट्रॉनिक्स अभियंता, सिडको, नाशिक