करवंटीचा कोळसा आणि फुगलेले आकडे

महोदय,

शेतकचऱ्यापासून कार्बन डायऑक्साइड शोषणारा कोळसा बनवल्याच्या बातम्यांत 'एका ग्रॅमला 3000 चौरस मीटर पृष्ठभाग' असे आकडे झळकतात. गफलत इथेच होते. साध्या वातावरणीय दाबाला हा वायू धरून ठेवतात ती कोळशातली साधारण 0.8 नॅनोमीटरपेक्षा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) अरुंद छिद्रे. रुंद छिद्रांनी क्षेत्रफळ फुगते, पकड नव्हे.

नारळाच्या करवंटीचेच पाहा. ती आधी 500 अंश सेल्सिअसच्या आसपास हवेविना भाजायची. कोळसा दळून त्यात वजनाच्या दुप्पट पोटॅशियम हायड्रॉक्साइड (छिद्रे कोरणारा तीव्र अल्क) मिसळायचे आणि नायट्रोजनच्या प्रवाहात 600 ते 700 अंशांवर तासभर ठेवायचे. मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने, त्यानंतर सामू 7 येईपर्यंत पाण्याने धुवायचे. धुण्यात कसर राहिली तर क्षार छिद्रांतच बसतात. तापमान 800 च्या वर गेले की छिद्रे रुंदावतात आणि हाती येणारा मालही घटतो. भाताच्या तुसात सिलिका भरपूर, त्यामुळे तिथे राखेचा वेगळा बंदोबस्त लागतो.

चांगला नमुना 25 अंशांना, शुद्ध वायूत, ग्रॅममागे 4 मिलिमोल म्हणजे सुमारे 176 मिलिग्रॅम वायू धरतो. पण कोळशावरच्या बॉयलरच्या धुरात हा वायू जेमतेम 10 ते 15 टक्के, वर उष्णता आणि बाष्प! तिथे क्षमता बरीच खाली येते. अनुदान देणाऱ्यांनी धुरातल्या क्षमतेचा हा दुसरा आकडा मागावा आणि पोटॅशियमयुक्त धोवण कुठे सोडणार, हेही विचारावे.

– एक वाचक, रत्नागिरी