परसातला मध आणि गुजरातचा कायदा

महोदय,

रविवार पुरवणीतला परसातील मधमाशीपालन आणि घरच्या घरी मधापासून मद्य बनवण्याविषयीचा लेख वाचला. पेट्या ठेवण्याच्या आवाहनाशी मी पूर्ण सहमत आहे, मद्याच्या कृतीला मात्र माझा आक्षेप आहे. मधात पाणी घालून ते यीस्टने आंबवले की वाइनइतकी तीव्र दारू तयार होते. गुजरातेत १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय ती बनवणे गुन्हा आहे, मग ती स्वतःपुरती का असेना. आपले वाचक वडोदऱ्यातही आहेत. लेखात याविषयी एक ओळही नसावी, हे फार खटकले.

आमच्या गच्चीवर सातेरी जातीच्या मधमाश्यांची पेटी आहे. शेवगा फुलला की त्यांची लगबग बघत राहावीशी वाटते. पोळ्यातल्या मेणाने बंद केलेल्या घरांतलाच मध काढावा. उघड्या घरांतला पातळ असतो आणि बरणीत आपोआप आंबतो. नवशिक्यांना आधी हे सांगायला हवे होते.

कायद्याबाबतचा खुलासा कृपया पुढील पुरवणीत छापावा.

– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा