वसुलीची नोटीस आली, वाळू मात्र आली नाही

मा. ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सा. न. वि. वि.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या (ग्रामीण) घरकुलासाठी पहिल्या हप्त्याचे 15,000 रुपये घेऊनही काम सुरू केले नाही, सबब रक्कम वसूल का करू नये, अशी नोटीस गेल्या आठवड्यात आमच्याकडच्या घरकुलधारकांच्या हाती पडली. घरकुलाला 5 ब्रास, म्हणजे 500 घनफूट, वाळू मोफत, हा शब्द आपल्याच सरकारचा. त्या वाळूबद्दल नोटिशीत एक ओळ नाही. वाळूचा पास मागायला गेलो की सांगतात, वाळूघाटाचे अजून ठरायचे आहे. रात्री गिरणेच्या पात्रातून ट्रॅक्टर निघतात, त्यांचे कसे ठरते कोण जाणे.

काम का अडले, हे फाइलीत दिसणार नाही, खड्ड्यात दिसेल. तापीकाठची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात हात जाईल एवढी फाटते. तीन फुटांवर पाया थांबवला, तर दिवाळीपर्यंत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघालीच समजा. म्हणून मुरूम, म्हणजे खालचा कठीण खडबडीत थर, लागेपर्यंत खणायचे. मुरूम फार खोल असेल, तर काळी माती काढून बाहेरचा मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात भरायचा, प्रत्येक थराला पाणी मारून धुम्मसाने ठोकून दाबायचा. वर जोत्याचा बीम: 12 मिलिमीटरच्या चार सळया, सहा इंचांवर 8 मिलिमीटरची रिंग. घराभोवती अडीच-तीन फूट फरशी, बाहेर उतार देऊन, आणि मोरीचा शोषखड्डा पायापासून लांब. यातले कुठलेही काम टाळले, तर वरचा गिलावा कितीही गुळगुळीत करा, उपयोग नाही.

हे गावातल्या कुठल्याही जुन्या गवंड्याला ठाऊक आहे. त्याला विचारायला कोण आले? 15,000 रुपये काळ्या मातीलाही तेवढेच आणि मुरमाड जागेलाही तेवढेच. आमच्याकडे ते जमिनीखालीच संपतात.

हिशेबही करून टाकू. मूळ अनुदान 1,20,000. रोजगार हमीचे 90 दिवस, 2025-26 च्या 312 रुपये दराने 28,080. शौचालयाचे 12,000. राज्याने वाढवून दिलेले 50,000, त्यातले 15,000 छतावरच्या सौरऊर्जेसाठी, म्हणजे आधी छत हवे. एकूण 2,10,080. घर किमान 25 चौरस मीटर, म्हणजे 269 चौरस फूट. फुटाला 1,500 धरले तर चार लाख होतात. दर आमचा ढोबळ आहे, शे-दीडशे इकडेतिकडे असेल, त्यावर वाद घालत बसू नका. उरलेले निम्मे कुठून आणायचे तेवढे सांगा.

साहित्यवाला उधारीवर देतो, पण भाव त्याचा. म्हणून दहा-बारा घरकुलांची सिमेंट-सळई गटाने एकत्र घेऊ द्या आणि हप्ता वेळेवर टाका. फाल्गुनात जोते उभे राहते, पैसे आषाढात येतात. तोवर सळई गंजते. स्लॅब तर घाईचा सगळ्यात मोठा बळी. एवढ्या घराच्या साडेचार इंची स्लॅबला 1:1.5:3 (सिमेंट, वाळू, खडी) मालाने पंचवीसेक गोण्या सिमेंट लागते. वीसच पडल्या की पुऱ्या पंचवीस, हे मोजायला घरातली बाई उभी असली तर माल बरोबर पडतो. पुढे पीपीसी, म्हणजे राख मिसळलेल्या, सिमेंटला, त्यात जळगाव-भुसावळच्या 45 अंशांत, 14 दिवस गोणपाट ओले ठेवावे लागते. वैशाखात हे पाणी टँकरचे. त्याचा खर्च कुठल्या अंदाजपत्रकात आहे, साहेब?

नियम काय म्हणतात? लाभार्थ्याने घर स्वतः बांधायचे, ठेकेदार नको. प्राधान्यक्रम ग्रामसभेने ठरवायचा. सामाजिक अंकेक्षण, म्हणजे गावासमोर कामाची तपासणी, वर्षातून एकदा तरी. कागदावर आम्ही मालक आहोत. प्रत्यक्षात आमचा सहभाग एवढाच, की जिओ टॅगिंगच्या, म्हणजे जागेची नोंद होणाऱ्या, फोटोत भिंतीसमोर सरळ उभे राहायचे.

नकाशाचेही तेच. खानदेशातला माणूस उन्हाळ्यात घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट छतावर, झोपत आला आहे. पैसे पुरत नाहीत म्हणून पहिला कापला जातो तो जिना. मग रात्री त्या तापलेल्या स्लॅबखाली भट्टीत झोपा. कापूस कुठे ठेवायचा, शेळी कुठे बांधायची, हेही कुणी विचारत नाही. धडगाव-अक्कलकुव्यात कुडाच्या हवेशीर घरातून उठवून लोकांना याच डब्यात बसवता आणि वर विचारता, जुने झोपडे का मोडत नाहीत!

आणि आमच्यावर विश्वास नाही म्हणून देखरेख तुमची, असे असेल तर जळगाव आठवा. तिथल्या नगरपालिकेच्या घरकुल घोटाळ्यात 31 ऑगस्ट 2019 ला धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 48 जणांना दोषी धरले. त्यांत घराची वाट पाहणारे किती होते? नोटीस मात्र 15,000 वाल्याला.

तेव्हा पहिल्या हप्त्याआधी जागेवर चाचणीचा खड्डा घ्या, त्या वेळी घरधनी आणि गवंडी हजर हवेत. खोल पाया निघाला तर तसे जादा पैसे द्या. मोजमापाची एक प्रत घरात राहू द्या, आणि शेवटचा हप्ता गावातल्या घरकुलधारकांच्या समितीची सही झाल्यावरच निघू द्या, साहेबांच्या लहरीवर नको.

ज्यांनी नोटिशीच्या धाकाने वाळूविनाच पाया खणून ठेवला आहे, त्यांच्या खड्ड्यात मृगाचे पाणी भरले की कडा ढासळतील. दुसऱ्यांदा खणण्याची मजुरी कुठल्या हेडखाली टाकायची, तेही कळवावे. लेखी.

आपले,
घरकुलधारक आणि गवंडी मंडळी,
तापीकाठ, खानदेश