राणीच्या बागेतल्या पेंग्विनचे मूळ गाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भायखळ्याच्या राणीच्या बागेत पेंग्विनचे पिल्लू जन्मले की बातमीशेजारी हिमनगाचे चित्र हमखास झळकते. हे पक्षी हम्बोल्ट जातीचे आहेत. जुलै २०१६ मध्ये पहिले आठ पक्षी सोलहून मुंबईत आले, पण या जातीचे मूळ गाव पेरू आणि चिलीचा किनारा. एका बाजूला वाळवंट, दुसऱ्या बाजूला दक्षिणेकडून येणारा हम्बोल्ट हा थंड प्रवाह. समुद्र गार, जमीन रखरखीत, आणि बर्फाचा पत्ता नाही. तिथे त्यांची वीण कशावर टिकते आणि कुठे बिघडते, हे वाचकांना कळावे म्हणून हे पत्र.

पेरूच्या बेटांवर पाणकावळे, बूबी आणि पेलिकन लाखोंनी वस्ती करत आले. पाऊस जवळजवळ नसल्याने त्यांची शीट वाहून जात नाही. थरावर थर बसतो आणि सुकून घट्ट होतो. यालाच ग्वानो म्हणतात. पेंग्विन पायाच्या नखांनी याच थरात बीळ उकरतो. आत सावली असते, अंडी उन्हात भाजत नाहीत आणि वर घिरट्या घालणाऱ्या कुरव पक्ष्यांना ती दिसत नाहीत. एकोणिसाव्या शतकात युरोपच्या शेतांना खत म्हणून हा ग्वानो जहाजे भरभरून गेला. चिंचा बेटांवर काही ठिकाणी ३० मीटरहून जाड असलेले थर १८४० नंतरच्या साडेतीन दशकांत खरवडून निघाले. खाली उरला तो खडक, आणि खडकात बीळ पडत नाही. मग काही जोड्या कपारीत किंवा समुद्रगुहेत शिरल्या, काही उघड्यावरच अंडी घालू लागल्या. उघड्यावर बसलेला पक्षी उन्हाने धापा टाकू लागतो आणि शेवटी पाण्याकडे जायला उठतो. टपून बसलेल्या कुरवाला तेवढी फट पुरते.

अंडी दोन, काही दिवसांच्या अंतराने घातलेली. नर-मादी पाळीपाळीने सुमारे ४० दिवस ती उबवतात. पिल्लू समुद्रात उतरायला पुढे आणखी दहा-बारा आठवडे लागतात. म्हणजे एका विणीसाठी तेच बीळ जवळजवळ चार महिने शाबूत राहिले पाहिजे. पेरूत एप्रिलच्या आसपास विणीचा एक भर असतो आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास दुसरा. जानेवारी-फेब्रुवारीत पिसे झडतात. नवी पिसे येईपर्यंत पक्ष्याला पाण्यात जाता येत नाही, साठवलेल्या चरबीवर तो दोन-तीन आठवडे उपाशी काढतो. किनाऱ्यावर पेंग्विन नाहीत असा महिना वर्षात जवळजवळ नाहीच. ग्वानो तर आजही निघतो, कुदळ-फावड्याने आणि पोत्यांत भरून. तो काढायचाच असेल तर बिळांची जागा तशीच सोडावी, मजूर पक्ष्यांच्या नजरेस पडू नयेत असा आडोसा उभारावा आणि विणीच्या भरात काम थांबवावे. पेरूतल्या पुंता सान हुआनला भूशिराच्या जमिनीकडच्या बाजूला भिंत आहे. ती मुळात ग्वानो देणाऱ्या पक्ष्यांसाठी बांधलेली, पण कोल्हे-कुत्रे बाहेर राहिल्याने पेंग्विनचीही मोठी वसाहत तिथे टिकली.

माणसाच्या वावराचे मोल या जातीला फार पडते. चिलीतल्या बेटांवर अंड्यावर बसलेल्या पक्ष्यांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा माणूस १५० मीटरवरून गेला तरी ते वाढलेले आढळले, आणि पूर्ववत व्हायला कधी अर्धा तास लागला. पक्षी जागचा हलत नाही, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटते की त्याला काहीच झाले नाही. जिथे पर्यटक जास्त, तिथे पिल्ले कमी जगतात, हेही दिसले आहे. अर्जेंटिनातल्या पुंता तोंबोला मॅगेलॅनिक पेंग्विन पायवाटेला खेटून शांत बसतात म्हणून तोच नियम इथे लावणे ही घोडचूक आहे. दिसायला भावंडे, स्वभाव वेगळे.

अन्नाचे म्हणाल तर मुख्य भिस्त अँचोवेटावर, म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातल्या माशावर. पिल्लू बिळात असताना आईबापांना फार लांब जाता येत नाही, आणि त्याच पाण्यात मासळीची कुटी करण्यासाठी प्रचंड मासेमारी चालते. आपला मान्सून रोडावणारा एल निन्यो तिथे दुहेरी मार देतो. वर गरम पाणी पसरते, तळाचे गार पाणी वर येत नाही, मासळी खोल किंवा दक्षिणेला सरकते आणि उपाशी जोड्या घरटी सोडून जातात. त्यात वाळवंटात अवेळी पाऊस कोसळला की बिळे पाण्याने भरतात, छत खचते. १९८२-८३ आणि १९९७-९८ च्या एल निन्योत पेरूतल्या वसाहतींना असाच जबर फटका बसला. याशिवाय गिलनेट आहे. पाण्यात भिंतीसारखे उभे असलेले हे जाळे बुडी मारणाऱ्या पक्ष्याला दिसत नाही. मान अडकली की श्वासासाठी वर येता येत नाही. २०२३ मध्ये बर्ड फ्लूने चिलीच्या किनाऱ्यावर हजारो पेंग्विन गेले, तो घाव अजून ताजा आहे.

राणीच्या बागेत पुढचे पिल्लू जन्मेल तेव्हा बातमीशेजारी हिमनग न छापता पांढुरक्या, चुन्यासारख्या जमिनीतल्या बिळाचे आणि त्याच्या तोंडाशी बसलेल्या करड्या-तपकिरी लवीच्या पिल्लाचे चित्र द्यावे, आणि खाली ‘पेरू-चिलीचा किनारा’ एवढे लिहावे, ही विनंती.

आपले,
सागरी पक्ष्यांचे काही अभ्यासक, मुंबई