मंत्रिमहोदय, परळला एक निर्जंतुक खोली हवी आहे

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

मागणी आधीच सांगून टाकते, कारण आपल्या टेबलावरच्या गठ्ठ्यात चौथ्या परिच्छेदापर्यंत कोण पोचणार? परळला, हाफकिन संस्थेच्या आवारात, एक छोटं निर्जंतुक उत्पादन केंद्र हवं आहे. नव्या औषधाच्या मोजक्याच कुप्या, पण माणसाला टोचता येतील अशा दर्जाच्या, तिथे बनाव्यात. पवई, माटुंगा, खारघर, कुठलाही संशोधक तिथे येऊन काम करू शकेल असं सामाईक.

मी मुंबईतल्या एका फार्मसी कॉलेजात शिकवते. माझे विद्यार्थी नॅनोजेल बनवतात. पाणी पिऊन फुगलेलं पॉलिमरचं (लांब साखळ्यांच्या रेणूंचं) जाळं, आकार साधारण २० ते २०० नॅनोमीटर. नीट भिजलेला साबुदाणा डोळ्यांपुढे आणा, टम्म फुगलेला तरी दाणा न् दाणा सुटा. त्या जाळ्यात औषध, प्रथिन किंवा आरएनए ठेवता येतं आणि जाळ्याचे टाके कुठे उसवावेत हेही ठरवता येतं. डायसल्फाइड म्हणजे गंधकाच्या दोन अणूंमधला बंध, आणि तो तोडणारं ग्लुटाथायोन नावाचं रसायन रक्तापेक्षा पेशीच्या आत शेकडो पटींनी जास्त असतं. म्हणून टाके डायसल्फाइडचे घातले, तर ते रक्तात बऱ्यापैकी टिकतात आणि पेशीत शिरल्यावर सुटतात.

कल्पना आजची नाही. क्योटोत काझुनारी अकियोशी आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली पुलुलान या साखरेच्या साखळीला कोलेस्टेरॉल जोडून असे कण बनवले. त्यात प्रथिन भरून केलेली कर्करोगाची लस पुढे जपानमध्ये चाचणीत माणसांना दिलीही गेली. आमचं गाडं मात्र उंदरापुढे सरकत नाही.

आमच्याकडची पोरं बहुधा कायटोसान या नैसर्गिक पॉलिमरपासून सुरुवात करतात. ससून डॉकवर बायका कोळंबी सोलतात, त्या टरफलांसारख्याच टरफलांतून ते निघतं. आम्लाने चुना काढायचा, अल्कलीने प्रथिनं, मग तीव्र अल्कलीत तापवायचं. स्वस्त असल्याने परवडतं. पण जिवाणूंचं एंडोटॉक्सिन हे विष त्यात राहून गेलं, तर शिरेतून दिल्यावर रुग्णाला हुडहुडी भरून ताप चढेल, कदाचित त्याहून वाईट.

आणि निर्जंतुक कसं करायचं, इथे तर घोडं पेंडच खातं. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, १२१ अंशांना घातलं, तर बरीचशी नॅनोजेल आकसतात, एकमेकांना चिकटतात, गिचका होतो. गाळावं म्हटलं तर गाळणीचं छिद्र ०.२२ मायक्रॉन, म्हणजे २२० नॅनोमीटर. कण सरासरी १८० चा असला तरी सगळे थोडेच १८० चे असतात? गाळणी तुंबते, आणि खाली उतरलेल्यात औषध किती उरलं हे नव्याने मोजत बसावं लागतं. गॅमा किरणांनी पॉलिमरच्या साखळ्याच तुटतात. मग उरतो एकच मार्ग, पहिल्या थेंबापासून सगळं निर्जंतुक खोलीत करणं. ती खोली कॉलेजच्या आवाक्यात नाही. एका कंपनीत आम्ही विचारायला गेलो होतो. त्यांनी चहा पाजला, स्लाइड कौतुकाने पाहिल्या आणि विचारलं, ‘मॅडम, बॅच केवढी?’ आकडा ऐकल्यावर विषय पावसावर गेला. त्यांचंही चूक नाही, मूठभर कुप्यांसाठी चालू लाइन कोण थांबवेल? ते नॅनोजेल बनवणाऱ्या विद्यार्थिनीचा प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात आहे.

नॅनोजेल म्हणजे जादू, असं मी आपल्याला अजिबात सांगणार नाही. ‘गाठ विरघळवणारे सूक्ष्मकण’ छापाच्या बातम्या वाचून मलाच संकोच वाटतो. टोरांटोच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दहा वर्षांचे प्रयोग तपासले, तर टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचं मध्यक प्रमाण निघालं ०.७ टक्के. बाकीचा बराच माल यकृत आणि प्लीहा गिळतात. १९९५ साली अमेरिकेत मंजूर झालेल्या डॉक्सिलचा (नॅनोकणांत भरलेलं कर्करोगाचं औषध) मोठा फायदाही हृदयाची हानी कमी झाली हा होता, आणि त्या बदल्यात तळहात-तळपाय सोलवटण्याचा त्रास आला.

म्हणूनच औषधाइतकंच चित्रण महत्त्वाचं. नॅनोजेलला टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी मूलद्रव्य जोडलं की गॅमा कॅमेऱ्यावर ते शरीरात कुठे गेलं हे दिसतं. पहिल्या काही रुग्णांतच कळेल की माल गाठीत उतरतोय की यकृतात. पण या टेक्नेशियमचं अर्धायुष्य सहा तासांचं, म्हणजे दर सहा तासांनी ते निम्मं उरतं. दूरच्या एमआयडीसीत जोडून, घाटाच्या ट्रॅफिकमधून आणलं तर संपलंच. परळला टाटा रुग्णालय, केईएम आणि हाफकिन एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. माझा जागेचा हट्ट त्यासाठी आहे. (एमआरआयमध्ये चित्र उजळवणारा गॅडोलिनियम हा धातू नॅनोजेलमध्ये बांधला तर तो संथ फिरतो आणि चित्र जास्त उजळ येतं, तेही खरं. पण तो शरीरात रेंगाळला तर अधू मूत्रपिंडाच्या रुग्णांना धोका, म्हणून त्याची घाई नको.)

हे मुंबईला नवं नाही. लायपोसोममधल्या (चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलेल्या) अँफोटेरिसिन-बी या बुरशीनाशकाच्या चाचण्या केईएममध्ये डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या चमूने केल्या, आणि ते ‘फंजिसोम’ या नावाने बाजारात आलं. २०२१ मध्ये म्युकर या बुरशीच्या साथीत याच जातीच्या औषधासाठी नातेवाईक दुकानोदुकानी फिरत होते, हे आपल्याला आठवत असेल. आयआयटी मुंबई आणि टाटा यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या नेक्सकार१९ या रक्ताच्या कर्करोगावरच्या पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. प्रयोगशाळा आणि वॉर्ड यांच्यामध्ये बनवण्याची जागा होती, म्हणून ते जमलं.

नियमांची आडकाठी नाही. नॅनोऔषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं केंद्राने २०१९ मध्येच काढली आहेत. चाचणीला परवानगी दिल्लीहून येते, पण उत्पादनाचा परवाना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे आहे.

हाफकिन संस्था आपल्या खात्याची, केईएम महापालिकेचं, टाटा अणुऊर्जा विभागाचं. या तिघांना एका टेबलाशी बसवणारं पत्र आपल्या कार्यालयातून जायला हवं. कॉलेजच्या लेटरहेडवरच्या पत्राची फक्त पोच मिळते. बैठक झाली, तर हिवाळी अधिवेशनाच्या पुरवणी मागण्यांत निदान आराखड्यापुरती तरतूद करावी. यंत्रांची यादी द्यायला आणि जागा पाहायला आम्ही काही अध्यापक आपल्या सोयीने कधीही येऊ, शनिवारीसुद्धा.

आपली विश्वासू,
औषधनिर्माणशास्त्राची एक अध्यापिका, मुंबई