टेम्पो म्हणजे मालवाहू गाडी नव्हे!

संपादक महोदय, स.न.वि.वि.

वयाच्या ४३ व्या वर्षी पहिल्या ट्रायथलॉनची तयारी करतोय, ऑलिम्पिक अंतराची, म्हणजे दीड किमी पोहायचं, ४० किमी सायकल आणि वर १० किमी पळायचं, तेही सलग. घरी म्हटलं आज टेम्पो आहे, तर आई विचारते, कुणाचं सामान हलवायचंय रे? तर टेम्पो म्हणजे धड आरामात नाही आणि धड जीव तोडूनही नाही असा वेग, पळताना दोन-चार शब्द बोलता येतात पण गप्पा मारता येत नाहीत. मी आधी हौसेपोटी रोजच तसा पळायला लागलो, पोटरी धरली, पंधरा दिवस घरी. आता आठवड्यातून एकदाच, १० मिनिटं वॉर्म-अप आणि मग २० मिनिटं टेम्पो, बाकी दिवस हळू (हळू पळायला जास्त अक्कल लागते हो!).

पण हा वेग सलग टिकवायचा असतो ना, आणि आमच्याकडच्या रस्त्यावर पांढरे पट्टे नसलेले गतिरोधक, पहाटे अंधारात सायकल उडते ती वेगळीच. तलावात ४५ मिनिटांची बॅच, एका लेनमध्ये आठ जण, पुढच्याच्या टाचा तोंडावर, तिथे डोंबलाचा टेम्पो?

गोव्यात मिरामारला २०१९ पासून आयर्नमन ७०.३ (याहून लांब पल्ल्याची ट्रायथलॉन) होते, आपल्याकडचे कितीतरी जण जातात, ते सराव करतात कुठे? निदान सकाळची एक लेन सलग पोहणाऱ्यांसाठी ठेवा आणि गतिरोधकांवर पट्टे मारा, एवढंच.

– एक वाचक, पुणे